तळोज्याचे निळे कुत्रे आणि अध्याहृत गृहीतक

ऑगस्ट २०१७ मध्ये पनवेलनजीकच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत अंगावरचे केस निळे झालेले काही भटके कुत्रे लोकांच्या दृष्टीस पडले. नवी मुंबईतील प्राणिमित्रांनी त्यांची छायाचित्रे काढली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार नोंदविली. ही छायाचित्रे वृत्तपत्रांतून देशभर आणि पाठोपाठ परदेशांतही पोहोचली. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी पाहणी केली. रंगद्रव्ये तयार करणारा तेथील एक कारखाना बंद करण्याचा आदेश निघाला आणि त्याचा पाणीपुरवठा तोडण्याचाही निर्णय झाला. वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाविषयी मच्छीमारांची तक्रार त्याआधीही होती. परंतु नदीचे नाव दूरच्या लोकांना कळले ते या मुक्या प्राण्यांमुळे.

घटना जुनी झाली. मात्र युक्तिवादाची पारख कशी करावी हे शिकण्यासाठी ती आजही उपयोगी पडते. निळा कुत्रा पाहिल्यावर मनात जे निष्कर्ष चटकन उमटतात, त्यांतील प्रत्येकाच्या पोटात एक न उच्चारलेले विधान दडलेले असते. ते विधान शोधून काढणे हा या लेखाचा विषय आहे.

अध्याहृत म्हणजे काय?

कोणत्याही युक्तिवादाचे दोन भाग ऐकू येतात : पुरावा आणि निष्कर्ष. तिसरा भाग ऐकू येत नाही. पुराव्यावरून निष्कर्षाकडे जाताना बोलणाऱ्याने जे मनोमन खरे मानलेले असते, ते गृहीतक. व्याकरणात ज्याला अध्याहृत शब्द म्हणतात, त्यासारखेच हे असते : वाक्यात दिसत नाही, पण त्याच्यावाचून अर्थ लागत नाही. बँकांच्या व अन्य स्पर्धा परीक्षांत ‘विधान आणि गृहीतके’ या नावाने जे प्रश्न येतात, त्यांत मुलांकडून नेमके हेच शोधून घेतले जाते. परीक्षा संपली की पुस्तक माळ्यावर जाते. पण त्या प्रश्नांचा खरा उपयोग पुढे पेढीवर आणि घरात असतो.

गृहीतक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. ज्या विधानाविषयी शंका असेल ते उलटे करून पाहावे. उलटे केल्यावर युक्तिवाद कोसळला, तर तो त्या विधानावर उभा होता असे समजावे. उलटे करूनही युक्तिवाद जागच्या जागी राहिला, तर ते विधान त्याचा आधार नव्हते.

दुकानातील उदाहरण घ्यावे. ‘यंदा दिवाळीत विक्री गेल्या वर्षीपेक्षा दीडपट झाली, म्हणजे नफाही वाढला.’ येथे पुरावा विक्रीचा आहे आणि निष्कर्ष नफ्याचा. मधले अध्याहृत असे, की प्रत्येक नगामागे सुटणारा नफा गेल्या वर्षीइतकाच होता. आता ते उलटे करावे : नगामागचा नफा घटला होता, कारण गिऱ्हाईक ओढण्यासाठी सवलत दिली होती. तत्क्षणी निष्कर्ष डळमळतो. याउलट ‘दुकान सकाळी नऊलाच उघडत होते’ हे विधान उलटे केले तरी युक्तिवादाला धक्का लागत नाही. म्हणून ते त्याचे गृहीतक नव्हे.

पहिला युक्तिवाद : रंग नदीतूनच आला

आता तळोज्याकडे वळावे. सर्वांत सहज सुचणारा युक्तिवाद असा : कारखान्यांचे सांडपाणी कासाडीत जाते, भटके कुत्रे अन्न शोधत नदीपात्रात उतरतात, म्हणून नदीच्या पाण्याने ते निळे झाले. दोन्ही पुरावे खरे मानले, तरी निष्कर्ष पूर्ण सिद्ध होत नाही. येथील अध्याहृत असे, की कुत्र्याच्या अंगापर्यंत रंग पोहोचण्याचा नदीखेरीज दुसरा मार्गच नाही.

ही बाजू उलटी करून पाहिली की दुसरा मार्ग दिसू लागतो. रंगाची बारीक भुकटी हवेतून उडत असेल, महिना श्रावण-भाद्रपदाचा असेल आणि कुत्र्यांचे अंग पावसाने भिजलेले असेल, तर नदीत पाऊलही न टाकता त्यांना रंग लागू शकतो. मंडळाच्या तपासणीत हीच बाजू पुढे आली. कारखान्यातून रंगाच्या भुकटीचे अवशेष हवेत जात होते आणि सांडपाण्याबाबतही नियमभंग होत होता, असे मंडळाने नोंदविले. मार्ग एक नव्हता, दोन होते.

या फरकाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे. केवळ नदीचा मार्ग धरून उपाय केला असता, तर सांडपाण्याची वाहिनी दुरुस्त झाली असती आणि भुकटी उडतच राहिली असती. ती भुकटी कुत्र्यांच्या केसांवर बसत होती; त्याच हवेत कामगार श्वास घेत होते. गृहीतक चुकले की उपायही अर्धाच होतो.

जैन तार्किकांची कसोटी

‘दुसऱ्या कोणत्या प्रकारे हे घडू शकेल काय?’ हा प्रश्न या समाजाच्या वाचकांना परका वाटू नये. भारतीय तर्कशास्त्रात हेतू, म्हणजे अनुमानाचे कारण, कशाने निर्दोष ठरतो यावर शतकानुशतके वाद झाला. बौद्ध आचार्यांनी हेतूची तीन लक्षणे सांगितली : हेतू ज्याविषयी अनुमान करायचे त्या पक्षात असावा, तशाच इतर उदाहरणांत आढळावा आणि विरुद्ध उदाहरणांत आढळू नये. जैन तार्किकांनी यावर आक्षेप घेतला. पात्रस्वामींनी तर ‘त्रिलक्षणकदर्थन’ नावाचा ग्रंथच त्यासाठी रचला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हेतूचे खरे लक्षण एकच : अन्यथानुपपत्ती. साध्य नसेल तर हेतूही संभवणार नाही, अशी स्थिती असेल तरच अनुमान खरे. सिद्धसेनांच्या ‘न्यायावतारा’त हेच लक्षण आहे आणि पुढे माणिक्यनंदींचे ‘परीक्षामुख’ व हेमचंद्राचार्यांची ‘प्रमाणमीमांसा’ या ग्रंथांनीही तीच वाट चालविली.

त्यांचे आवडते उदाहरण मजेदार आहे. एका स्त्रीची सर्व मुले सावळी आहेत. आता ती पुन्हा गरोदर आहे. तेव्हा पोटातले मूलही सावळेच असणार, कारण ते तिचेच मूल आहे. वरची तिन्ही लक्षणे येथे लागू पडतात. तरीही अनुमान खात्रीचे नाही, कारण तिचे मूल असून ते गोरे असणे अशक्य नाही. उदाहरणे कितीही जमविली, तरी ‘अन्यथा होऊच शकत नाही’ हे त्यांतून निघत नाही. नैयायिकांनीही अशा दडलेल्या अटीला ‘उपाधी’ असे नाव दिले. जेथे अग्नी तेथे धूर, असे कोणी म्हणाला, तर ते दाखवून देत की धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. ओले सरपण ही त्या युक्तिवादातील न सांगितलेली अट होय.

निळ्या रंगाचीच एक जुनी गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. पूर्णभद्र या जैन मुनींनी इ. स. ११९९ मध्ये जिचे संस्करण केले, त्या पंचतंत्र-परंपरेतील हा कोल्हा. कुत्रे पाठीस लागल्यामुळे तो रंगाऱ्याच्या नीळ भरलेल्या पिंपात पडतो आणि निळा होऊन रानात परततो. रानातील प्राणी म्हणतात, असा रंग आपल्यापैकी कोणाचाच नाही, म्हणून हा आपल्यापैकी नव्हे. त्यांनी रंग जन्माचाच असतो हे गृहीत धरले होते. तो अंगाला लागूही शकतो, एवढी एक शंका कोणी काढली असती, तर कोल्ह्याचे राज्य एक दिवसही टिकले नसते.

गृहीतक सापडले म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला काय?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. युक्तिवादातील कच्चा दुवा दाखविणे आणि निष्कर्ष खोटा ठरविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नदीतूनच रंग आला हे सिद्ध नाही’ एवढे म्हणून एखादा कारखानदार हात झटकू पाहील, तर तोही एक नवा युक्तिवाद करीत असतो आणि त्याचेही गृहीतक असते : ‘नदीतून नाही, म्हणजे माझ्याकडून नाही.’ तळोज्यात तपासणी झाली तेव्हा पहिला युक्तिवाद अपुरा निघाला. परंतु कारखान्याची जबाबदारी कमी झाली नाही. उलट पाण्याबरोबर हवेचीही नोंद तिच्यात जमा झाली.

कच्चा दुवा सापडल्यावर पुढचे काम तपासाचे असते. बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासणारा अधिकारी हेच करतो. दुकानात ५० लाख रुपयांचा माल आहे, म्हणून तेवढे तारण आहे, असे व्यापारी म्हणतो. अध्याहृत असे, की त्या मालाचे पैसे चुकते झालेले आहेत. अधिकारी उधारीची यादी मागवितो. २० लाखांचा माल अद्याप उधारीवर असेल, तर तारण धरण्याजोगा माल ३० लाखांचा. त्यातून २५ टक्के मार्जिन वजा केले की उचल देता येते साडेबावीस लाखांची. व्यापारी खोटे बोलला नव्हता. माल ५० लाखांचाच होता. अधिकाऱ्याने प्रस्ताव फेटाळलाही नाही. त्याने न बोललेले विधान बोलते केले आणि त्याला आकडा दिला.

दुसरा युक्तिवाद : कुत्रा धुतला, बरा निघाला

त्या वेळी एका कुत्र्याला पकडून ठाण्याच्या प्राणिदया संस्थेत नेण्यात आले. रंग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे तो बहुतांशी धुऊन निघाला आणि तपासणीत कुत्रा सुदृढ आढळला. ही समाधानाची वार्ता होती. तिच्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र जपून तपासावा लागतो : ‘म्हणजे फार काही बिघडले नव्हते.’

या छोट्या वाक्यात तीन गृहीतके आहेत. पहिले, एका कुत्र्याची प्रकृती ही सर्व कुत्र्यांची प्रकृती. दुसरे, जी हानी त्या दिवशी दिसली नाही ती पुढेही दिसणार नाही. तिसरे, हानी झालीच तर ती कुत्र्यांनाच, पाण्यातील माशांना वा हवेत काम करणाऱ्या माणसांना नव्हे. तिन्ही उलटी करून पाहावीत. प्रत्येक वेळी निष्कर्षाचा पाया ढळतो. वैद्यकीय तपासणी खरी होती. ती जेवढे सांगत होती त्याहून अधिक तिच्याकडून वदवून घेणे चूक होते.

तिसरा युक्तिवाद : कारखाना बंद झाला, प्रश्न मिटला

येथील अध्याहृत सर्वांत खोल आहे : जे दिसते तेवढेच प्रदूषण. निळा रंग डोळ्यांना दिसतो. सांडपाण्यातील आम्ल, क्षार किंवा पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकणारे सेंद्रिय द्रव्य बहुधा दिसत नाही. त्या शेवटच्या द्रव्याचे मोजमाप जैवरासायनिक प्राणवायू मागणी या नावाने होते. नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम इतकी आहे. मर्यादेच्या कितीतरी पट अधिक मागणी असलेले पाणीही दिसायला स्वच्छ असू शकते. अशा पाण्यातून गेलेला कुत्रा आपल्या मूळ रंगातच बाहेर येईल आणि त्याचे छायाचित्र कोणी काढणार नाही.

तळोज्यात शेकडो कारखाने आहेत आणि सांडपाणी शुद्ध करण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्रही आहे. एका कारखान्याचे दार बंद झाल्याने कासाडीचा प्रश्न संपला नाही. २०१८ मध्ये तो राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. ‘इतरांच्या परिसरात कुत्रे निळे झाले नाहीत, म्हणजे इतरांचे सर्व ठीक’ हेही याच जातीचे अनुमान आहे.

कारखाना बंद म्हणजे धोका बंद, हे गृहीतकही पारखून घ्यावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियातील झेर्झिन्स्क या शहरात असेच निळे कुत्रे दिसले. ते ज्या रसायन कारखान्याच्या परिसरात वावरत, तो आधीच बंद पडलेला होता. तेथे मागे राहिलेल्या रसायनांचा, बहुधा मोरचुदाचा, रंग त्यांना लागला असावा असा तर्क करण्यात आला. कारखान्याला कुलूप लागते. आतल्या पिंपांना पाय फुटत नाहीत.

चौथा युक्तिवाद : बंद केला तर पोटावर पाय

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितक्याच काटेकोरपणे तपासणे न्यायाचे आहे. ‘कारखाना बंद झाला तर कामगारांची रोजी जाईल; म्हणून बंद करू नये.’ यातील चिंता खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणे हृदयशून्यपणाचे ठरेल. येथील अध्याहृत असे, की मार्ग दोनच आहेत : आहे तसा चालविणे किंवा कायमचे कुलूप. प्रत्यक्षात तिसरा मार्ग असतो. दोष दुरुस्त करणे, धूळ अडविणारी यंत्रणा बसविणे, सांडपाण्यावर नीट प्रक्रिया करणे आणि तपासणीनंतर पुन्हा उत्पादन सुरू करणे. या मार्गाला पैसे लागतात, म्हणूनच त्याचा उल्लेख युक्तिवादातून गळतो. गाळलेल्या विधानाची किंमत कोणाच्या खात्यात पडणार होती, हे पाहिले की ते का गाळले गेले याचाही बोध होतो.

व्यापारी कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे. समोरच्याच्या युक्तिवादातील गृहीतक लवकर दिसते. ज्या युक्तिवादाचा निष्कर्ष स्वतःच्या लाभाचा असतो, त्यातील गृहीतक फार उशिरा दिसते, कारण ते शोधण्याची इच्छाच नसते. अनेकान्ताचा अर्थ ‘सर्वांचेच खरे’ असा सैल लावला जातो; तो तसा नाही. कोणते विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे, हे स्पष्ट सांगण्याची शिस्त म्हणजे अनेकान्त. ‘कुत्रा बरा आहे’ हे त्या दिवशीच्या, त्या कुत्र्याच्या अपेक्षेने खरे. अपेक्षा गाळली की तेच वाक्य दिशाभूल करू लागते.

घरातील अभ्यास

हा अभ्यास कुटुंबात सहज करता येतो. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे काढावीत. एकाने एक युक्तिवाद सांगावा. इतरांनी ‘अन्यथा होऊ शकेल काय?’ एवढाच प्रश्न विचारावा आणि सापडलेले गृहीतक कागदावर लिहावे. आरंभासाठी तीन युक्तिवाद पुढे दिले आहेत.

एक : ‘नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, पेंधर तळोज्याला लागून आहे, म्हणून तळोज्यात आज घेतलेल्या घराची किंमत वाढणारच.’ मेट्रोचे काम अनेक वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर चालू होते. तिच्यामुळे वाढावयाची किंमत आजच्या भावात अगोदरच समाविष्ट झालेली नाही, हे येथे गृहीत धरलेले आहे. घर घ्यावे की घेऊ नये, हे त्यावरून ठरत नाही. कोणती चौकशी करावी हे मात्र ठरते.

दोन : ‘हे गिऱ्हाईक वीस वर्षांचे आहे, त्याने एकदाही पैसे बुडविले नाहीत, म्हणून या खेपेस दुप्पट उधारी देण्यास हरकत नाही.’ याचे उत्तर घरातील मुलांनी शोधावे. इतक्या मोठ्या रकमेची उधारी त्याने यापूर्वी कधी घेतली होती काय, या प्रश्नापासून सुरुवात करता येईल.

तीन : ‘आपल्या गोदामाविषयी आजवर कोणी तक्रार केली नाही, म्हणून आपल्यामुळे कोणाला उपद्रव होत नाही.’ या युक्तिवादाचे उत्तर मुलांवर न सोपविता घरातील कर्त्या माणसांनी स्वतः लिहावे. तळोज्याच्या कुत्र्यांनीही तक्रार केली नव्हती. त्यांचा रंग कोणीतरी पाहिला, एवढेच.